पहाटे पाचचे निरोप

हिलारिया किस्बर्टबाईंचा आवाज काही गोड नव्हता.
जाडाभरडा, कायम सर्दी झाल्यासारखा,
आणि 'र'वर जरा जास्तच रेंगाळणारा.
पण पहाटे पाचला, उणे नऊ अंशांत,
पठारावरची घरं त्याच आवाजाला शेकत बसायची.

मी जनरेटर बघायचो.
डिझेल गोठू नये म्हणून कॅनला
माझीच घोंगडी गुंडाळायचो.
वय सोळा. पगार महिन्याला पोतंभर बटाटे,
आणि मीटरची सुई लाल रेघेपलीकडे
जाऊ न देण्याचा मान.

निरोप बसच्या ड्रायव्हरांकडून येत,
सिगारेटच्या पाकिटावर, शाळेच्या वहीच्या कोपऱ्यावर,
एकदा तर कोकाच्या पानांच्या पिशवीत.

'विलाकोटाच्या एउसेबियाला: मुलगा गुरुवारी उतरतोय.
फाट्यावर गाढव घेऊन ये, सामान आहे.'
'सातुर्निनोला: मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.
नाव तू आल्यावर.'
'तिबुर्सियो, बाप आता रागावलेला नाही. घरी ये.'

सगळ्यांचं सगळ्यांच्या कानावर.
कुठलं गाढव कधी फाट्यावर जाणार
हे त्या गाढवाखेरीज अख्ख्या पठाराला ठाऊक.

मग त्या ऑगस्टमध्ये एका रात्री
वर खाणीचा गाळाचा बांध फुटला.
आम्हाला आवाजसुद्धा आला नाही.

साडेचारला फोन वाजला.
फोर्तुनातो तिकोना, दफनभूमीच्या भिंतीवर चढून,
कारण रेंज तिथेच मिळते, मेलेल्यांच्या डोक्यावर.
'सात अल्पाका नदीकाठी आडव्या.
डोळे उघडे. जिभा राखाडी.'
बाईंनी विचारलं, तू पाहिलंस की ऐकलंस?
तो म्हणाला, हात लावून पाहिलं.

पावणेपाचला मोटारसायकल.
कंपनीचा माणूस, चामड्याचे हातमोजे, एक कागद:
'किरकोळ गळती. पाणी पिण्यास योग्य.
अफवांकडे कानाडोळा करावा.'
वाचून होईपर्यंत तो थांबणार होता.
मी त्याला चहा दिला.

बाईंनी कागद वाचला.
जसाच्या तसा, स्वल्पविरामांसकट.
शिक्कासुद्धा वाचला: गोल, निळा, जरा पुसट.
सही कुणाची ते वाचलं, आणि
सही करणारा रात्री नदीवर होता का,
हे कागदात लिहिलेलं नाही, तेही.

मग नेहमीसारखं म्हणाल्या, आता निरोप.

'पहिला निरोप. फोर्तुनातो तिकोनाकडून
नदीकाठच्या सगळ्यांना.
वेळ साडेचार. स्वतः पाहिलेलं.
माझ्या सात अल्पाका पाणी प्यायल्या आणि मेल्या.
चूल पेटवण्याआधी घागर ओता.
बर्फ वितळवा. नदीचं पिऊ नका.'

स्पॅनिशमध्ये एकदा. आयमारात तीनदा.
शेवटच्या वेळी 'र' थरथरला.
माझी सुई लाल रेघेपलीकडे गेली
आणि मी ती जाऊ दिली.

कोण खोटं बोलतंय, हे त्या म्हणाल्याच नाहीत.

मोटारसायकलवाल्याचा कप तोंडापाशी होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी किटलीकडे पाहिलं.
त्यानं कप खाली ठेवला, हळू,
जणू त्यात कुणी झोपलं होतं.

त्या सकाळी पठाराच्या तोंडचं पाणी पळालं.
बाईंनी वाचलं, म्हणून माणसं वाचली.
सगळी नाही. ज्यांच्या रेडिओची बॅटरी संपली होती,
त्या दोन घरांची नावं मला पाठ आहेत.

नवव्या दिवशी ट्रान्समीटर उचलून नेला.
परवान्यात एक तारीख चुकली होती म्हणे.

आता मी एल आल्टोत फोन दुरुस्त करतो.
माझ्या स्वतःच्या फोनवर दिवसाला चारशे निरोप:
कुठला तरी पूर, कुठल्या तरी वर्षीचा,
रडणारं माणूस, खाली कुणी तरी चढवलेलं संगीत.
मी अजून खाली खाली सरकवत जातो.
वेळ किती? हात कुणी लावला?
बहुधा गिऱ्हाईक येतं, आणि राहून जातं.

बाई गेल्या वर्षी वारल्या. मला फार उशिरा कळलं.

आणि तिबुर्सियो घरी पोचला का,
ते तर कुणी कळवलंच नाही.