वजा कुत्री

रात्रपाळीहून आल्यावर बूट काढायच्या आधी
मी लॅपटॉप उघडते,
कारण बूट काढले की झोप येते.
एकोणपन्नासाव्या वर्षी नर्सिंगमधली डॉक्टरेट.
वेस्ली विचारतो, "आता पेशंट तुला डॉक्टर म्हणणार?"
नाही रे. ते लोर्नाच म्हणणार,
आणि पगारही बराच काळ लोर्नाचाच येणार.

माझा विषय : थकत चाललेली हृदयं
आणि घरातला वजनकाटा.
रोज सकाळी, न्याहारीआधी, त्याच कपड्यांत
काट्यावर उभं राहायचं, आकडा लिहायचा.
आठवड्यात पाच पौंड वाढले तर मला फोन.
इतकं साधं,
की समितीला दोनदा समजावून सांगावं लागलं.

चाळीस काटे वाटले मी, माझ्याच गाडीतून.
तांब्याच्या खाणी बंद पडल्यावरही
ज्यांना कुठे जाणं सुचलं नाही
अशांच्या चाळीस घरांत.
एकाने त्यावर बटाटे मोजले.
ऐली सोर्वाला फेब्रुवारीत गेली. तक्त्यात तिच्यासाठी रकाना आहे :
"पाठपुराव्यातून गळाले."
मी तिच्या स्वयंपाकघरात दोनदा कॉफी प्यायले होते,
दुसऱ्यांदा तिने न विचारता साय घातली.
गळाले.

ताउनो केस्ती, वय एक्याऐंशी, सहभागी क्रमांक सतरा.
दोनशे एकवीस. दोनशे तेवीस. दोनशे सव्वीस.
फोन मलाच करावा लागला.
"सगळं ठीक आहे. फक्त मुस्तीला खाली ठेवलं की ती रडते."
"कुठून खाली?"
"काट्यावरून."

सत्तर दिवस तो माणूस
कुत्रीला कडेवर घेऊन वजन करत होता.

माझ्या सरासरीत, माझ्या आलेखात,
रात्ररात्र जागून बसवलेल्या त्या सरळ रेषेत
सगळीकडे काळे केस.
मार्गदर्शक प्रूइटबाई पडद्यावरून म्हणाल्या,
"हा सहभागी वगळा."
शास्त्र म्हणून बरोबरच होतं ते.
मी वगळलाही. फाइल जतन केली, दिवा मालवला.
मग अंधारात उठून बसले :
ते पाच पौंड कुणाचे?

सुपीरिअर सरोवरावरून बर्फ आडवा येत होता.
अडतीस मैल. वाटेत फक्त बर्फ उपसणारा ट्रक
आणि त्याच्यामागे मी, सासरी निघाल्यासारखी हळू.

मुस्ती काट्यावर उभी राहीना.
शेवटी मी तिला उचललं, तिच्यासकट चढले,
मग एकटी चढले (तो आकडा सांगत नाही),
आणि वजाबाकी केली.
एकोणतीस पौंड.
जानेवारीतल्या पशुवैद्याच्या पावतीवरही एकोणतीस.
कुत्री प्रामाणिक होती.

मग त्यांचा मोजा खाली सरकवून नडगीवर अंगठा दाबला.
खळगा पडला.
मी मनात मोजत राहिले,
खळगा भरून येईना.
"रात्री झोपता कुठे?"
"खुर्चीत."
"कधीपासून?"
"खुर्ची चांगली आहे."

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, पाण्याची गोळी दुप्पट झाली.
चार दिवसांनी ते पलंगावर आडवे झोपले,
हे मला त्यांनी नाही, शेजारणीने सांगितलं :
रात्री खिडकीतला दिवा बंद होता म्हणून ती घाबरून पाहायला गेली होती.

पान चौऱ्याऐंशी, तळटीप :
सहभागी १७, सर्व नोंदी वजा २९ पौंड.
समितीत एकाने विचारलं, "हे काय आहे?"
मी सांगितलं.
त्यानंतर त्यांचा माइक बराच वेळ बंद होता.
प्रूइटबाई म्हणाल्या, तळटीप लहान करा.
केली. काढली नाही.

ताउनो आता कॅलेंडरवर दोन आकडे लिहितात,
एक त्यांचा, एक तिचा. मी सांगितलं नव्हतं.
आणि हो, आता तिला खाली ठेवतात.
काट्यावरचा आकडा थांबेपर्यंत ती रडते म्हणे.
तीन सेकंद.
मोजलेत त्यांनी.