दीड गुंठा

केर्लीच्या पुढं, डांबर संपतं तिथून
पहिल्या गिअरमध्ये अर्धा किलोमीटर.
शिंगाडे एजंट पुढं, आम्ही मागं,
वैजूच्या मांडीवर पाण्याची बाटली
आणि कागदांची पिशवी, उघडायची वेळच न आलेली.

"बघा की," शिंगाडे म्हणाला,
"डोंगराचं पैसं लावल्यालं न्हाईत. त्यो फुकट."

दीड गुंठा म्हणजे सोळाशे तेहतीस चौरस फूट,
हे मला पाठ होतं.
एकवीस वर्षं उद्यमनगरात लेथवर आहे,
एका सुताच्या चुकीपायी अख्खा शाफ्ट भंगारात गेलेला पाहिलाय.
पण गवतात उभं राहिल्यावर माप लागेना.
चुन्याच्या फक्कीनं आखलेली हद्द,
निम्मी शेळ्यांनी पुसलेली.

शुक्रवार पेठेत, आमच्या गच्चीवरून
टाक्यांच्या फटीतून जोतिबाचा डोंगर दिसतो,
निळा, पंजाएवढा.
दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, तो तेवढाच राहतो.
इथून तो दिसेचना.
इतका जवळ, की डोंगर नव्हताच,
नुसती चढण, करवंदाच्या जाळ्या
आणि भारा घेऊन उतरणारी एक बाई.

तिलाच विचारलं, पाण्याचं.
"येतंय की. दिवसाआड."
थांबली. भारा सावरला.
"उन्हाळ्यात दिवसाआड म्हंजे चार दिसानं."
आणि पूर?
"पूर हितं कशाला येतोय, हितं उंच हाय.
रस्ता जातोय फकस्त. तुमी हिकडं, कोल्हापूर तिकडं.
पाच-सा रोज. डाळ-तांदूळ भरून ठिवायचं."

मी मनात मांडत होतो:
साडेसहा हजार भाडं, ते जाईल.
अकराचा हप्ता, तो येईल.
पेट्रोल तीन. मुक्ताच्या क्लासची रिक्षा.
दुसऱ्या पाळीनंतर गंगावेशीत
समोर धार काढून मिळणारा दुधाचा ग्लास,
तो कुठल्या रकान्यात घालू?
शेजारचे बोंगाळे नाना, आमची किल्ली त्यांच्याकडं असते,
एकदा आम्ही गावाला असताना
दार उघडून चालू राहिलेला नळ बंद केला
आणि वर्षभर त्यावरून बोलून घेतलं.
हे जमा की खर्च?

वैजू काहीच मांडत नव्हती.
"खिशात काय आहे?" म्हणाली.
शनिवारचे चार नट होते, सोळा एमेमचे,
कारखान्यातले, तसेच घरी आलेले.
तिनं एक इथं ठेवला, पावलं मोजली, एक तिथं.
"हा ओटा. ही खिडकी."
मग आत गेली, दाराच्या जागेतूनच,
भिंत नसलेल्या भिंतीवरून नाही,
आणि पाठमोरी उभी राहिली,
हात कोपरापर्यंत ओले असल्यासारखे.
आमचा ओटा जिन्याखाली आहे.
लग्नाला सतरा वर्षं झाली,
भाकरी थापताना तिला ताठ उभी
मी कधी पाहिली नव्हती.

शिंगाडे फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता,
असलं तर गिऱ्हाईक.
"आज टोकन आलं तर आज," माझ्याकडं बघत, मोठ्यानं.

परतताना शिवाजी पुलावर मी म्हणालो, महाग आहे.
म्हणालो, लांब पण आहे.
मग पुलाच्या शेवटाला म्हणालो, हवा मात्र बरी आहे.
"हं," आलं पाठीमागून.
तिन्हीपैकी कशाला, ते वाऱ्यात कळलं नाही.

सोमवारी घोटणे फोरमन पेटी मोजत होता.
"चार कमी हाईत लगा. गेलं कुठं?"
मी चक आवळत होतो.
म्हणालो, आहेत.
एका जागेवर ठेवलेत.