घासलेल्या जागा

कोण कसं वाजवतं, ते मला कानांनी नंतर कळतं.
आधी बोटांना कळतं.
गिटार बाकावर उताणी घालते, तारा उतरवते,
दांडीवरून अंगठा फिरवते.

मिंडेलोचा वारा खारट.
सहा आठवड्यांत तारा गंजतात, सरेस सुटतो, घोडी उचलते,
म्हणून या बंदरातला प्रत्येक वाजवणारा
कधी ना कधी माझ्याकडे येतो.
पूर्वी बाबांकडे यायचे. बाक तोच आहे.

ही तिबुर्सिओची.
सगळ्यात जाड तारेखाली लाकडाला खोबण पडलीय,
त्यात वाटाणा बसेल.
कोळशाच्या बोटींवर हमाली केलेला माणूस,
जिना चढल्यासारखा त्याचा अंगठा चालायचा,
धाप न लागता, एकेक पायरी.
वर बाकीची बोटं काय हवा तो धिंगाणा घालोत,
अंगठ्याला घरी जायची घाई नसायची.
त्याच्या साथीवर माझी आत्यासुद्धा सुरात गायली होती,
आणि आत्याला ओळखणारे अजून त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

दोना फोर्तुनाताच्या गिटारीवर ओरखडे उलट्या बाजूला.
डावखुरी. तारा न बदलता गिटारच उलटी धरायची.
मासळीच्या पाटीमागे बसून नखांच्या पाठीने झोडपायची,
आणि मध्येच हात वर,
कुणा गिऱ्हाइकाला हाक मारायला.
त्या रिकाम्या जागेत आसपासचे पाय आपोआप आपटायचे.
हाक मारायला कुणी नसलं तरी
ती हात वर करायची, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

एवान्द्रोचे पहिले पाच पडदे कोरे करकरीत,
बाराव्याच्या पुढे मात्र चर.
हॉटेलच्या गच्चीवर वाजवतो, पर्यटक फोन उंच धरतात.
खोटं कशाला बोलू, मीही तोंडात बोट घातलं.
पण उतार उतरून घरी येईपर्यंत
त्यातलं काही हाताला लागेना.
एवढंच राहिलं : तार तुटली तेव्हा
उरलेल्या पाचांवर तो गाणं शोधत होता,
वीज गेल्यावर काडेपेटी चाचपावी तसं.
फोन एकेक करून खाली आले होते.
मी त्याला हे सांगितलं. त्याला राग आला.
तारा मात्र माझ्याकडूनच नेतो.

सरेस वाळेपर्यंत थांबलेली माणसं विचारतात,
एर्मेलिंदा, तुझा आवडता कोण?
मी म्हणते, पैसे वेळेवर देणारा.

न्यो कान्दिदोच्या गिटारीचे पडदे चाळीस वर्षांत झिजले नव्हते.
इतकं हलकं दाबायचा, जणू तारेला झोप लागली आहे.
झीज होती ती भलत्याच ठिकाणी,
वरच्या कडेला, जिथे कुणाचाच हात जात नाही.
नारळाच्या कवडीएवढी जागा, पॉलिश पार उडालेलं.
जहाजांना धक्क्याला लावता लावता, भोंग्यांनी त्याचे कान गेले,
आणि तो जबडा लाकडाला टेकवून वाजवू लागला,
हाडातून ऐकत.
बाहेर येईल तेवढं आपलं.
लोक खुर्च्या पुढे ओढायचे. ग्रोगचे ग्लास
आवाज होऊ नये म्हणून टोपीवर ठेवायचे.
एकदा इतकं शांत वाजलं
की तो थांबलाय हे आम्हाला कळलं नाही.
बराच वेळ बसून होतो.

मार्चमध्ये त्याची मुलगी रॉटरडॅमहून आली.
भिंतीवर लावायची आहे, म्हणाली, नव्यासारखी करा.
सहारातून धूळ येत होती तेव्हा, पॉलिश धरेना,
मी रात्री ओलं फडकं दाराला लावून काम केलं.
सगळी चकचकीत केली. ती एक जागा सोडली.

हे काय राहिलं, तिने विचारलं.
म्हटलं, तिथलं लाकूड तेलकट झालंय, रंग घेत नाही.
तिने बोट फिरवून पाहिलं, वास घेतला,
आणि अर्धवट काम म्हणून
दोनशे एस्कुडो कापून घेतले.

मी कापू दिले.