गार मॉड्यूल

सेलूच्या अलीकडे, कापसाच्या रानात आमचा मास्ट,
त्याच्या पायथ्याशी धाप लागलेल्या एसीची एक खोली.
मे महिना. बाहेर चव्वेचाळीस.
आत वीस मॉड्यूल ओळीनं, बँकेतल्या लॉकरसारखी,
प्रत्येकात आठ ट्रान्झिस्टर,
बोटाच्या पेराहून जरा मोठे,
चेहरा नसलेले.

दस्तगीरभाईंना ते आवडत नाहीत.
"उजेड नाही ह्यांना," म्हणतात.
त्यांनी तीस वर्षं व्हॉल्व्ह सांभाळला,
भोपळ्याएवढा, आत लालबुंद तार.
तो तापेपर्यंत ह्यांचा चहा व्हायचा.
तो गेला की सगळंच गेलं,
चार तालुक्यांवर शांतता,
आणि आठवडाभर पोस्टकार्डं.

हे तसे जात नाहीत.
एक जातो, बाकीचे ओझं वाटून घेतात,
कुणाला कळतही नाही.
मी म्हणते, हाच तर फायदा.
ते म्हणतात, हेच तर.

परवा सकाळी फोन आला.
बोरीचा चक्रधर, नव्या गाडीत डिजिटल सेट आहे त्याच्या.
"मॅडम, बाजारभाव सांगता सांगता आवाज बंद पडायलाय.
खरखर नाही, काही नाही.
हळद म्हणलं की गप.
भाव पुलाच्या पलीकडं गेल्यावर."

डिजिटलचं असंच असतं.
ते म्हातारं होत नाही,
घसा बसत नाही त्याचा,
कड्यापर्यंत ठणठणीत चालत येतं
आणि नसतं.

रात्री, शेवटचा कार्यक्रम चालू होता.
पॅनलवर सगळे दिवे हिरवे.
स्पेक्ट्रमच्या पडद्यावर मात्र
बालाघाटातल्या डोंगरासारखा तो सपाट माथा,
दोन्हीकडून तुटलेले कडे,
असावा तसाच,
फक्त डाव्या कड्याच्या बुडाशी
माती ढासळून आल्यासारखी.

मी मॅन्युअल उघडलं.
भाईंनी चष्मा काढला,
मॉड्यूलांवरून पालथा हात फिरवत निघाले,
फणफणलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
तिसरं, सहावं, नववं,
चौदाव्यापाशी थांबले.
"हे गार आहे."

त्याच्यावरचा दिवा हिरवाच होता.

प्रसारण संपल्यावर बाहेर काढलं.
मीटरची दोन टोकं लावली. टीं.
आरपार. ज्यानं सेकंदाला लाखो वेळा
दार लावायचं, उघडायचं,
तो ते सताड टाकून बसलेला.

मी मनगटाला पट्टा बांधला, पट्ट्याची वायर अर्थला.
भाई हसले.
त्यांच्या काळीही आधी जमिनीशी बोलायचं,
लांब काठीच्या तांब्याच्या आकड्यानं
यंत्रात साचलेली वीज उतरवायची, मग आत शिरायचं.
"तवा यंत्रापासून माणसाला जपत होतो," म्हणाले,
"आता यंत्रालाच तुमच्या बोटांचं भ्याव."

पांढरी पेस्ट, भाताच्या शितांएवढी, पसरली.
स्क्रू कर्णात आवळले.
कोपरावरून घाम टपकू नये म्हणून
भाई माझ्या हाताखाली गमछा धरून उभे.

मग मेलेला तळहातावर घेऊन त्यांनी विचारलं,
"ह्याच्यात असतंय काय?"
वाळू, म्हटलं.
लई गाळून, लई भाजून, पण मूळ वाळूच.
खिडकीबाहेर दुधनेच्या अंगाला
एका ट्रॅक्टरचा दिवा हलत होता.
"मंग हे लोक रोज रात्री," भाई म्हणाले,
"रेडिओच चोरून न्यायलेत की."

पहाटे पावणेसहाला मशीन चढवलं.
ना तांबूस उजेड, ना गुणगुण, नुसते पंखे.
माथा सपाट. कडे साफ.
भाईंनी चौदाव्यावर हात ठेवला
आणि ठेवूनच राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "यायलंय. ऊन यायलंय."

सात वाजता मी चक्रधरला फोन लावला.
तो पुलाच्या अलीकडंच, इंजिन बंद करून थांबलेला.
त्याच्या मागून आमचाच निवेदक बोलत होता,
आमच्याच खोलीतून निघून, रानं ओलांडून,
फोनमधून परत माझ्या कानात, थोडा उशिरा.
मी विचारलं, आता कसं आहे?
"थांबा मॅडम," तो म्हणाला,
"बोलू नका मधी.
हळद चालू आहे."