बैठकीचं माप

हत्तरगी टोलच्या अलीकडं एक कडुलिंब आहे.
तिथं पोचलो की माकडहाड बोलायला लागायचं.
अकरा वर्षं, आठवड्यातले पाच दिवस,
गाडी स्टँडवर लावून मी त्या झाडाभोवती फेऱ्या मारल्या.
प्रदक्षिणा घालतोय असं वाटून
एका म्हातारीनं खोडाला हळदकुंकू वाहिलं.

माझं काम डेऱ्यांतल्या फॅट मशिनी दुरुस्त करायचं.
संकेश्वर, चिकोडी, रायबाग, कधी कागवाडपर्यंत.
दुधात किती लोणी ते मी दशांशात सांगतो.
स्वतःच्या बुडाखाली किती फोम उरलाय
ते मात्र पत्रा टोचेपर्यंत कळलं नाही.

जेलची गादी आणली, ती उन्हात
दोशाच्या तव्यासारखी तापली.
मेंढीचं कातडं घातलं, पहिल्याच सरीत
त्यातली मेंढी जिवंत झाली.
हवेची उशी सुतगट्टी घाटात, एका वळणावर,
मी डावीकडं गेलो तेव्हा उजवीकडं गेली.
मालन म्हणाली, "नवी गाडी घ्या की."
म्हटलं, इंजिनाला काय झालंय?
"इंजिनावर बसूलाय काय तुम्ही?"

शेवटी शहापुरात मीरासाब नदाफांकडं.
आजोबा कापूस पिंजायचे. धनुकली अजून भिंतीवर,
तार नाही, तिच्यावर रेक्झिनच्या पट्ट्या लोंबतात.
"कुंद्री," म्हणाले, मग माझ्या तोंडाकडं बघून, "बसा की हो."
फळीवर चाळलेला मैदा, वर जुन्या साडीचा तुकडा.
मी बसलो. हँडल धरल्यासारखे हात पुढं केले.
गल्लीतली दोन पोरं फिदीफिदी हसली.
"हसा, हसा. तुमचं बी माप घेतो."

उठल्यावर त्यांनी ठसा वाचला
मी मीटर वाचतो तसा, एक डोळा मिटून.
"उजवीकडं दोन बोटं खोल.
मागं कोण एका अंगावर बसतंय?"

कोणी नाही, म्हटलं.
मालन बसायची. साडीत, दोन्ही पाय डावीकडं,
मांडीवर तपासायच्या वह्यांची पिशवी,
आणि तोल सावरत मी उजवीकडं कललेला.
गेली चार वर्षं ती आपल्या स्कूटरवर
काकतीच्या शाळेत जाते. गाणं म्हणत जाते, असं ऐकलंय.

मीरासाब हसले नाहीत.
"माणूस उतरून गेलं अण्णा,
कंबरेला कुणी सांगितल्यालं नाही बघा."

मग कामाचं बोलले. खाली घट्ट फोम, वर मऊ.
"दुकानातल्या सीटा उलट्या असतात,
बोटानं दाबून घेणाऱ्यांसाठी.
तासाभरात बुडतंय माणूस त्यात."
पुढं थोडी निमुळती, म्हणजे सिग्नलला टाचा टेकतील.
शिवण बाजूला, मांडीखाली नको.
"आणि मागची अर्धी ठेवायची का काढायची?
काढली तर तुम्हाला चार इंच जास्ती."

मी फोन लावला. पलीकडं सतराच्या पाढ्याचा गलका.
"ठेवा," मालन म्हणाली, "पण रुंद नको.
आता दोन्हीकडं पाय टाकून बसायला येतंय मला."
आणि पोरांवर ओरडली, आणि फोन ठेवला.

सीट तीन दिवसांनी मिळाली. काळी, शिवण तपकिरी,
वास नव्या दप्तराचा.
पहिला आठवडा डावी बाजू कुरकुरली,
तिला इतकी वर्षं काही कामच नव्हतं.
"तीनशे किलोमीटर झाल्याशिवाय शिव्या द्यायला येऊ नका,"
असं मीरासाबांनी आधीच बजावलं होतं.

आज कडुलिंब आला. सवयीनं थांबलो,
हेल्मेट काढलं, वाट बघितली.
काहीच बोलेना.
खोडाशी आता दगड मांडलेत, एकावर शेंदूर,
कुणीतरी अर्धा नारळ ठेवून गेलंय.
ट्रक जातात तशी त्यातलं पाणी हलतं.
मी तिथं उभा, काय करावं कळेना,
मग एक फेरी मारली, उगीच.
चिकोडीच्या डेरीचे दोन फोन येऊन गेले होते.