कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं

खिडकीवरचा मुलगा आता विचारत नाही.
एक माणसाचं, एक कॅमेऱ्याचं,
आणि कॅमेऱ्याचं महाग.
बरोबरच आहे म्हणा.
मी नुसता बघून जातो,
तो घेऊन जातो.

परळच्या हॉस्पिटलात, तळघरात,
एकतीस वर्षं मी माणसांचे फोटो काढले
आतल्या बाजूने.
फासळ्या, मणके, पोराने गिळलेली चार आण्याची गोल सावली,
एका नवरीच्या तळहातात रुतलेली बांगडीची काच.
चेहरा एकाचाही नाही.
निवृत्त झालो तेव्हा पुतण्याने त्याचा जुना कॅमेरा दिला,
म्हणाला, काका, आता बाहेरून काढा.

पण सवय.
देवांचे चेहरे काय, सगळेच काढतात.
मी काढतो तुटलेली जागा.
कोपराच्या पुढे नसलेला हात,
नाक होतं तिथला खडबडीत दगड,
गुडघ्याखाली संपलेला एक द्वारपाल,
ज्याला अजून दार सोडता आलेलं नाही.
तुटलं तिथे दगडाचं आतलं दिसतं.
घडवणाऱ्यानेसुद्धा ते पाहिलं नव्हतं.
त्याची छिन्नी वरवर फिरली,
मी चार वाजताच्या उन्हाची वाट बघत
त्याच्याही आत उभा.

वहीत नोंद ठेवतो. आजवर चारशे बारा.
तारीख, दालन, डावी की उजवी.
डावी-उजवी चुकली की आमचे साहेब
ओली फिल्म तोंडावर फेकायचे.

वरच्या मजल्यावर तैलचित्रं.
तिथे काच, आणि काचेत मी:
खिशात चष्म्याची डबी,
आणि मोत्यांच्या माळा घातलेल्या त्या पारशी बाईंच्या मांडीवर
बाहेर जाण्याचा हिरवा दिवा.
असे आले की पूर्वी पुसून टाकायचो.
आमच्याकडे त्याला रिपीट म्हणत.
आता ठेवतो. का ते विचारू नका.

मूर्तींच्या दालनात पहाऱ्याला तोडणकरबाई.
नावावरून मी एकदा विनोद केला होता.
हसल्या नाहीत.
दोन मंगळवारांनी हसल्या, मधेच,
पंख्याबद्दल बोलता बोलता.

आज यक्षीचा चौथरा रिकामा.
चौकोनी धूळ, तिच्यात दोन पावलांएवढी स्वच्छ जागा,
आणि एक चिठ्ठी: संवर्धनासाठी हलवली आहे.
अकरा वेळा काढली होती तिला.
उजवा खांदा. एकदाही मनासारखा नाही.

"राहिलीच ना भेट?" बाई म्हणाल्या.
मग खुर्चीतून उठत, हळू आवाजात,
"तिच्या हाताचं काय होतं, ठाऊक आहे?
मोठे लोक येतात, सांगतात, फूल.
नऊ वर्षं बसते मी हिच्यासमोर.
फूल धरायला खांदा एवढा चढत नाही हो.
तिची पाठ खाजत होती."

आणि दोन्हीकडे बघून घेतलं,
खाकी बाही कोपरापर्यंत सारली,
हात मानेवरून मागे नेला, खाली, आणखी खाली,
जिथे आपला आपल्याला कधी पोचत नाही तिथवर,
आणि डोळे अर्धे मिटले.

तोच खांदा.
कॅमेरा कधी उचलला कळलं नाही.
तोंडातून आपोआप निघालं, एकतीस वर्षांचं:
श्वास घ्या.
रोखा.

मग शाळेची सहल आत घुसली,
शिट्टी वाजली, बाई धावल्या, "हात लावू नका रे!"
मी जिना उतरलो. बिल्ला दिला, पिशवी घेतली.
फाटकाबाहेर गाडीवाला ओरडत होता,
सोडाऽ, थंडा सोडाऽ,
तेव्हा आठवलं, म्हणायचं काय राहिलं.

वर पाहिलं.
दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या
एकेक करून आतून कुणीतरी लावत होतं.