तुरट

एका बाजूला पावडर कोटिंग, दुसऱ्या बाजूला गिअर कापणारे,
मधल्या शेडला पाटी नाही.
फक्त एक्साइजचा परवाना, काचेत लावलेला,
त्याला ताजा झेंडू.
रबाळ्याच्या एमआयडीसीत, रविवारी दुपारी,
वॉचमन म्हणाला, "वाइनवाल्या बाई ना? सरळ जा,
चिलटं दिसतील तिथे वळा."

बुकिंग सुनेने केलं होतं. दोघांचं.
तिला कोण सांगणार, मी येऊन काय करू?
तीन वर्षं झाली. त्या तापानंतर
माझं नाक म्हणजे चेहऱ्यावरची नुसती खुंटी,
चष्मा अडकवायला.
तेच नाक, ज्याच्या जिवावर तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
एकोणतीस वर्षं भाकरी खाल्ली.
मूठभर मिरी हुंगून सांगायचो, वायनाडची की कूर्गची,
आणि गोण कुठल्या गोदामात भिजली, तेही.

दमयंती मढवी हात पुसत आल्या.
आधी महाप्याला, औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये;
कंपनी गुजरातला गेली, त्या नाही गेल्या.
पाच टाक्या, एक जुना दुधाचा कूलर,
भिंतीवर खडूने तारखा,
कोपऱ्यात मार्केटने नाकारलेल्या अननसांचे क्रेट.
"वरून डाग," त्या म्हणाल्या, "आतून नुसती साखर."

पहिला पेला चिकूचा.
सून म्हणाली, गूळ. मग म्हणाली, नाही, ओला पेंढा.
मग डोळे मिटून, "बाबा, हा तर..." आणि थांबली.
मी म्हटलं, गार आहे.
दुसरा अननसाचा.
मी म्हटलं, हाही गार आहे.

बाईंनी बाटली खाली ठेवली.
"कधीपासून?"
डॉक्टर विचारतात तसं नाही,
शेजारचा गाळेवाला विचारतो तसं:
माल कधीपासून बंद आहे?
मग मला टाकीपाशी नेलं. "कान लावा."
गार पत्र्यापलीकडे
कुणीतरी न थांबता, हलक्या हाताने
बारीक वाळू चाळत होतं.
"जांभूळ. नववा दिवस.
रात्री मीही असंच ऐकते. नाकाचं काय,
सर्दी झाली की धंदाच बंद."

गेल्या सालचं जांभूळ त्यांनी चमचाभरच ओतलं.
गवळीदेवच्या उतारावरचं, कातकरी बायांनी वेचलेलं.
आधी काहीच नाही. पाणी.
मग जीभ बाजूंनी आत ओढली गेली,
गालाचं अस्तर कोऱ्या मांजरपाटासारखं ताठ झालं,
दातांना दात कळले.
तुरट!
हे नाकाच्या खात्यावर कधी नव्हतंच.
तापाने वसुली केली तेव्हा
ही रक्कम कुठल्याच वहीत नव्हती.
मिरची कुटताना वास येत नाही, पण शिंक अजून येते,
तिच्याच घरातलं हे.

मी पेला पुन्हा पुढे केला.
सून हसली नाही. माझा चेहरा बघत राहिली,
मग स्वतःच्या पेल्यातलं माझ्यात ओतलं.

"पुस्तकात याला दोष म्हणतात," दमयंतीबाई म्हणाल्या,
"पुण्याचे एक जाणकार आले होते,
अंड्याचा पांढरा बलक घालून तुरटपणा उतरवा म्हणाले."
"उतरवू नका."
हा आवाज भाव पाडायला आलेल्या गिऱ्हाइकासाठीचा.
मला वाटलं होतं, तोही नाकाबरोबरच गेला.

बाटली साडेसातशेची. घासाघीस केली, सातशेला आली.
बाई खूश दिसल्या, का कोण जाणे.

रिक्षात सून म्हणाली, "हर्षदला काय सांगायचं?"
मी उत्तर दिलं नाही.
महाप्याच्या सिग्नलपर्यंत
जीभ टाळूला लावून बसलो होतो.
तोंड उघडलं असतं
तर उतरलं असतं.